चढावर अडलेली कोळशाची गाडी

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, लग्नानंतर कित्येक वर्षं मला त्यांच्या घरात साधा कप विसळू दिला नाही. रेगेन्सबर्गहून आम्ही हॅम्बर्गला गेलो की स्टेशनावर माझी बॅग तेच हिसकावून घेत. सत्तरी उलटलेला किडकिडीत माणूस पावसात बॅग ओढत पुढे आणि मी धडधाकट गडी हात हलवत मागे. "अण्णा, द्या हो इकडे," म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "अहो जावईबापू, जावयाच्या हाताला काम लावायची आमच्याकडे पद्धत नाही. तुम्ही फक्त चला." निम्म्याहून जास्त आयुष्य जर्मनीत काढलेल्या माणसाच्या तोंडी हे ऐकून आधी मला हसू यायचं, पुढे पुढे रागच येऊ लागला. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. अण्णांनी मला ग्रहाइतकंच लांब ठेवलं होतं.

तरुणपणी अण्णा भारतात रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये होते. मग हॅम्बर्गच्या बंदरात जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची बाकीची नोकरीची वर्षं गेली. सासूबाई वारल्यावर घर त्यांना खायला उठलं, तेव्हा त्यांनी शहराबाहेरच्या एका मॉडेल रेल्वे क्लबात नाव घातलं. हा क्लब फक्त अमेरिकन गाड्या चालवणाऱ्यांचा. वर्षातून एकदा एका टुर्नहालेत, म्हणजे शाळेच्या व्यायामशाळेत, सगळे आपापले रुळांचे तुकडे आणून जोडत आणि दोन दिवस अगदी वेळापत्रकाप्रमाणे गाड्या सोडत. अण्णांची गाडी एकच असायची. कोळशाचे लांबलचक डबे आणि पुढे त्यांनी स्वतः बांधलेलं, सहा आसांचं जुनं डिझेल इंजिन.

त्या सहा आसांविषयी बोलू लागले की अण्णांना कोणी थांबवू शकत नसे. "सुरुवातीची डिझेल इंजिनं चार आसांची. सगळं वजन चार जोड्या चाकांवर. कच्च्या रुळांना ते झेपायचं नाही आणि चढ आला की चाकं जागच्या जागी गरगरायची. महायुद्धात इराणच्या डोंगरातून माल न्यायचा होता, तेव्हा अमेरिकन लष्कराने काय केलं माहितीये? रेल्वे कंपन्यांनी विकत घेतलेली चार आसांची इंजिनं परत मागवली, त्यांच्याखाली सहा आस घातले आणि पाठवली." इथे ते चष्मा काढून माझ्याकडे बघत. "एवढं होऊनसुद्धा लढाईनंतर रेल्वेवाले म्हणायचे, नको बाबा, आसागणिक एक मोटार, सहा मोटारी म्हणजे सहा डोकेदुख्या. कमकुवत रुळांच्या आडवाटा आणि अवघड चढ तेवढे यांच्या नशिबी. सुनेसारखं. कामाला पुढे आणि पंक्तीला मागे." पुढे इंजिनांची ताकद वाढली, चार आसांना ती पेलेना, आणि मग जड मालगाड्यांना सहा आसांशिवाय कोणी विचारेना. शेडमध्ये ज्या इंजिनांखाली अण्णांची उमेदीची वर्षं गेली तीही याच अमेरिकन घराण्यातली. इंजिनाच्या दोन्ही टोकांखाली तीन-तीन आस, त्या तिनांपैकी दोन जवळ आणि एक जरा लांब, ही त्यांची खूण. एका सभासदाने एकदा चाकांचा तो सांगाडा उलटा बसवला होता, तर अण्णांना म्हणे दिवसभर जेवण गेलं नाही.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहा सांडायचा, पुढे सदऱ्याची बटणं लागेनात. मुग्धा, माझी बायको, दर रविवारी फोनवर रडकुंडीला यायची. अण्णांचं एकच, मदतीला बाई ठेवू द्यायची नाही, आमच्याकडे राहायला यायचं नाही. "लेकीच्या घरी राहायचं आणि जावयाने माझं करायचं? शोभतं का?" यावर बोलणं संपायचं. तशात क्लबच्या युर्गनने त्यांना स्पष्टच सांगितलं, "आल्झो, हे बघा, मागच्या खेपेला तुमच्या हातून दोन डबे खाली पडले. या वेळी तुमची गाडी मार्गात अडकली तर पुढच्या वर्षी तुम्ही कॉफीच्या टेबलाशी बसून बघा." युर्गन वाईट माणूस नव्हता. पण अण्णांकडे त्या गाडीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, आणि हे मुग्धाला कळत होतं म्हणून तिने मला त्यांच्याबरोबर धाडलं.

त्या टुर्नहालेत कंबरेइतक्या उंचीच्या फळ्यांवरून रूळ गेले होते. मधे एक लांब चढ, त्यावर वळण, आणि चढ संपला की वर एक बाजूचा रूळ. अण्णा रेग्लर, म्हणजे वेग कमीजास्त करायची कळ, हातात धरून गाडीबरोबर चालत होते, मी मागून. डब्यांत त्यांनी खरा कोळसा भरला होता. "खोटं वजन काय ओढायचं?" असं त्यांचं म्हणणं. वळणाआधी त्यांचा अंगठा थरथरला, वेग पडला, आणि सहाही आसांवरची चाकं नुसतीच फिरू लागली. अण्णांनी रेग्लर बंद केला. गाडी चढावर उभी राहिली.

खालच्या स्टेशनात युर्गनची प्रवासी गाडी येऊन थांबली होती. कोणीतरी सवयीने बोट पुढे केलं, मागून जरा ढकलावं म्हणून. अण्णा कडाडले, "नाइन! नको! बोटानेच ढकलायचं तर इंजिन कशाला आणलंय?" मग युर्गनकडे वळून म्हणाले, "अर्धी अर्धी नेतो." अमेरिकेच्या डोंगरांत गाडी झेपली नाही की तसंच करत. मधेच तोडायची, पुढची अर्धी वर नेऊन ठेवायची, इंजिनाने परत येऊन मागची न्यायची. युर्गनने घड्याळ पाहिलं. "चालेल. पण लवकर. आणि मागचे डबे सुटले तर खाली माझी गाडी उभी आहे."

चढावर सोडलेले डबे घरंगळू नयेत म्हणून चाकाखाली एक बारीक खिळा अडकवायचा, मग दोन डब्यांमधल्या आकड्यात लाकडी काडी घालून तो फिरवायचा, म्हणजे गाडी सुटते. अण्णांनी काडी घेतली. ती आकड्यापर्यंत पोचेचना. एकदा डब्याच्या कडेला लागली, एकदा वरच्या कोळशाला. डबा कलला, पुन्हा सरळ झाला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. आता दोन्ही हात थरथरू लागले. मी शेजारीच उभा होतो, हात पाठीमागे बांधून. पुढे व्हावं तर सगळ्यांदेखत त्यांचा अपमान, न व्हावं तर डबे खाली जाणार. त्या क्षणी मला अण्णांचा भयंकर राग आला आणि तितकीच दयाही आली.

अण्णांनी काडी मागे घेतली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मंदार, माझ्याच्याने होत नाही. तू कर."

मी घाईने थेट आकड्यालाच हात घातला. "थांब!" ते ओरडले. "आधी खिळा. आधी मागच्यांना धर, मग पुढच्यांना सोड. एवढंसुद्धा कळत नाही?" इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा झापलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी खिळा लावला. काडी फिरवली. आकडा सुटला, मागचे डबे केसभर खाली सरकले आणि खिळ्याला टेकून थांबले. अण्णांनी श्वास सोडला आणि रेग्लर अगदी सावकाश फिरवला. अर्धी गाडी वळण घेऊन वर गेली. इंजिन एकटंच परत आलं. मी आकडा जोडला, खिळा काढला, आणि उरलेले डबेही कुरकुरत वर पोचले.

कॉफीच्या टेबलाशी बसलेल्यांनी बोटांच्या पेरांनी टेबल वाजवलं. इकडे टाळ्यांऐवजी तीही रीत आहे. युर्गन आपली गाडी सोडता सोडता म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. मालगाडीवर दोन माणसं असायचीच. पुढच्या वर्षी दोघं या." अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस ना? सुट्टी आत्ताच टाकून ठेव."

पुढच्या वर्षी आम्ही दोघं गेलो, त्याच्या पुढच्याही. मधल्या काळात अण्णा रेगेन्सबर्गला आमच्याकडे राहायला आले, फारशी खळखळ न करता. मी त्यांची दाढी करायचो. "हळू, गाल आहे तो, बटाटा नाही," असं खेकसायचे. मुग्धा दारात उभी राहून बघायची आणि डोळे पुसत आत जायची. आंघोळ, औषधं, बुटांच्या नाड्या, एकेक करून सगळं त्यांनी माझ्या हाती दिलं. रोज एखादी शिवी हासडून दिलं, पण दिलं.

गेल्या एप्रिलमध्ये अण्णा गेले. त्या दिवशी पहाटे त्यांना तहान लागली होती. मुग्धा उशाशीच बसली होती, तरी त्यांनी हाक मारली ती मला.