अर्धं मत, पण माझं!

मंडळी, आज मी जाम खूश आहे!

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या टॉवरमध्ये नव्या लिफ्टसाठी मालकांनी जादा पैसे भरायचे का, यावर मतदान होणार आहे. आज त्याचे नियम ठरवायची मीटिंग होती.

चेअरमन म्हणाले, "एक फ्लॅट, एक वोट. खलास!"

मी उभीच राहिले. "फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. यांना लिफ्ट नको, मला हवी. मग मत कोणाचं धरणार?"

शेजारच्या, मूळ वसईच्या आंटी म्हणाल्या, "अर्धं-अर्धं करा की!" भराभर हात वर झाले आणि नियम पास!

घरी येताना नवरा म्हणाला, "अगं, आपली मतं एकमेकांना कापणार."

"कापू देत. माझं मोजलं तर जाईल!"

तुमच्या घरचं मत कोण देतं?