धाकटीच्या खरेदीचा वाटा

ताई पक्की चिकट आहे, हे ड्रायक्लीनिंगच्या दुकानात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका डबे संपवून पाय लांब करायच्या. ताई मागच्या खोलीत, धुवायच्या कपड्यांच्या ढिगाला टेकून, फोन कानाला लावून बसायची. फोनमधून तेच तेच संगीत वाजत राहायचं. मग कंपनीतलं कुणीतरी उचलायचं आणि ताई विचारायची, माझ्या कॅशबॅकचं काय झालं.

कॅशबॅक तरी किती, तर महिन्याकाठी दोन-तीन कप चहा होईल एवढा.

मालक म्हणायचे, "ताई, तुमचा फोन वाजला की ते लोक आपसांत चिठ्ठ्या टाकत असतील. आज कुणी मरायचं म्हणून."

सगळे हसायचे. ताईही हसायची.

पण हीच ताई काउंटरवर आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करून बघायची. नाणं निघो, नोट निघो, ती पाकिटात घालायची आणि बिलाला टाचायची. गिऱ्हाईक विसरूनही गेलेलं असायचं. परक्याच्या पैशाला हात न लावणारी बाई स्वतःच्या चिल्लरीसाठी एवढा जीव का टाकते, हे कुणाला उलगडत नव्हतं.

खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

ती सुरू झाली आईच्या आजारपणात. धाकटी बहीण भेटायला आली होती. दोघी आईच्या उशाशी बसल्या होत्या. ताईने नुकतंच ते ॲप घेतलं होतं. त्यातून ऑनलाइन दुकानात शिरून काही विकत घेतलं की थोडे पैसे परत मिळायचे. शिवाय आणखी कुणाला जोडलं, तर त्या माणसाच्या प्रत्येक खरेदीत आपलाही बारीकसा वाटा असायचा. ताईने धाकटीचा फोन हातात घेतला आणि तिला जोडून टाकलं.

"म्हणजे खर्च मी करायचा आणि श्रीमंत तू व्हायचं," धाकटी म्हणाली.

"थोरली आहे मी. तेवढा मान नको?"

आई डोळे मिटूनच हसली होती.

पुढे दुखणं लांबलं. धाकटी लांब राहायची, तिच्या पदरात लहान मूल. तिचं येणं विरळ होत गेलं. उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं सगळं ताईवर आलं. जागरणांनी ती चिरडीला आली होती. एका दुपारी धाकटी दारात उभी राहिली, तेव्हा ताई चार माणसांदेखत म्हणाली, "पाहुणी आली आहेस. चहा घे आणि जा."

धाकटीने चहा घेतला. कप विसळून पालथा घातला. आणि गेली.

आई गेली तेव्हा ती आली, मागे उभी राहिली आणि मागच्या मागे निघून गेली. त्यानंतर चार वर्षं फोन नाही, निरोप नाही. एकमेकींचे नंबर दोघींकडे होते. आधी कुणी करायचा, एवढाच प्रश्न होता, आणि तो डोंगराएवढा होता.

पण धाकटी खरेदी करत होती. अधूनमधून ताईच्या फोनवर ओळ उमटायची : तुम्ही जोडलेल्या मैत्रिणीने खरेदी केली आहे, तुमचा वाटा लवकरच जमा होईल. खाली वाट्याच्या टक्क्यांचा एक आकडा. काय घेतलं, ते नाही. कुणासाठी, ते नाही.

ताईला तेवढा आकडा पुरायचा. प्रत्येक वस्तूचा दर वेगळा असतो, हे तिने शोधून काढलं होतं. पुस्तकांचा कमी, भांड्यांचा जरा बरा, बुटांचा सगळ्यांत जास्त. शाळा उघडायच्या सुमारास पुस्तकांचा आकडा आला की ती मनाशी म्हणायची, भाची वरच्या वर्गात गेली. आणि बुटांचा आकडा तर जवळजवळ दर महिन्याला.

"पुन्हा बूट?" कोटावर प्लॅस्टिक चढवता चढवता ताई पुटपुटायची. "मागच्या महिन्यात घेतलेस की. गोम आहेस का तू?"

असं करता करता ताईच्या मनात एक अख्खी धाकटी उभी राहिली होती. जरा ऐटबाज, नवऱ्याचं बस्तान नीट बसलेलं, दाराशी बुटांची रांग. ताईला तिचा हेवा वाटायचा, आणि गारही वाटायचं. दिवसभर लोकांचे डाग काढताना ती त्या घरात हिंडून यायची. तिथे ती कुठे बसेल, हेही तिने ठरवलं होतं. दाराजवळच्या खुर्चीवर. फार आत जायचं नाही.

आपण काही घेतलं की ताईला कळतं, हे धाकटीला ठाऊक असेल का? ठाऊक असूनही ती तिथूनच घेत असेल, तर? ताई या 'तर'पाशी यायची आणि परत फिरायची.

मग पैसे मिळेनासे झाले. ॲप उघडलं की एकच उत्तर, तपासणी सुरू आहे. दुकानातल्या इस्त्रीवालीचेही अडकले होते. तिने कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ॲप काढून टाकलं. मालक म्हणाले, बुडीत धरा आणि मोकळ्या व्हा. पण ताई मोकळी कशी होणार? पैसे अडकल्याचं तिला काही नव्हतं. त्या ओळीच यायच्या थांबल्या होत्या. बुटांचा आकडा आला नाही. शाळा उघडल्या तरी पुस्तकांचा आला नाही.

घोळ कंपनीचा असेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची. कपड्यांना नंबराच्या चिंध्या टाचताना वेगळंच मनात यायचं. धाकटी आजारी असली तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, ती ठणठणीत असली आणि उरलासुरला धागा तिने हाताने तोडला असला तर?

म्हणून ती कंपनीला फोन करत होती.

एका दुपारी पलीकडे एक तरुण मुलगा आला. तक्रार वरच्यांकडे पाठवली आहे, असं त्याने नेहमीसारखं सांगितलं. ताईने त्याला मध्येच थांबवलं.

"पैसे राहू दे रे बाबा. मी जिला जोडलं होतं ना, तिने एवढ्यात काही घेतलं का, तेवढं सांग."

"मॅडम, दुसऱ्या ग्राहकाची माहिती आम्हाला देता येत नाही."

"दुसरी कसली? सख्खी बहीण आहे माझी."

"मग त्यांनाच विचारा ना," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला ते खरंच सोपं वाटलं होतं.

ताईने फोन खाली ठेवला. बाहेर वाफेच्या इस्त्रीचा फुस्स आवाज येत होता. मालकांनी हाक मारली, तिने ओ दिली नाही. मग तिने धाकटीचा नंबर काढला आणि डोकं काही बोलायच्या आत लावला.

एका मुलीने उचलला. आवाज ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता.

"कोण बोलतंय?"

"मावशी."

"कुठली मावशी?"

मागून कुणीतरी काही विचारलं, फोन या हातातून त्या हातात गेला. मग नुसता श्वास ऐकू आला. ताईने तो ओळखला.

"बोल," धाकटी म्हणाली.

चार वर्षांत ताईने मनात किती तरी वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "त्या ॲपचे पैसे आले का गं तुझे?"

"कुठले येतायत. खाऊन बसलेत. म्हणून बंद केलं मी तिथून घेणं." थांबून धाकटी म्हणाली, "तुझाही वाटा बुडाला असेल मग."

"तुला ठाऊक होतं? मला वाटा मिळतो ते?"

"न ठाऊक असायला काय झालं. तूच तर जोडलं होतंस."

ताई घाईने बोलून गेली. "मिळायचा ना. तुझ्या बुटांवर तर घर चाललं माझं. किती बूट घेतेस गं महिन्याला?"

"बूट?" धाकटीला काही कळेना. "बूट मी कधी घेतलेच नाहीत तिथून."

"मग दर महिन्याला काय घ्यायचीस?"

"लोकर." धाकटीचा आवाज सपाट होता. "यांचा कारखाना बंद झाला ना. तीन वर्षं झाली. लहान मुलांचे स्वेटर विणून विकते मी. लोकर तिथून घेतली की थोडे पैसे परत यायचे, तेवढाच आधार. ते अडकले आणि माझे हाल झाले. आता घाऊक दुकानात जाऊन आणते."

लोकरीचा दर आणि बुटांचा दर एकच होता. हे ताईने कधी पाहिलं नव्हतं. तिला पाहावंसं वाटलंच नव्हतं.

दाराशी बुटांची रांग असलेलं ते घर तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्यातली खुर्चीही गेली. त्या जागी तिला काहीच दिसेना. खोल्या किती, खिडकी कुठे, धाकटी विणायला कुठे बसते, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ज्या वर्षी ती हेवा करत होती, त्या वर्षी तिकडे कारखाना बंद झाला होता.

"ऐकते आहेस ना?" धाकटीने विचारलं.

"हो."

"ठेवू मग? एकीचा स्वेटर आज द्यायचाय."

"थांब," ताई म्हणाली. ती कपड्यांच्या ढिगाला नीट टेकून बसली. "मला पहिल्यापासून सांग. काय काय घेतलंस ते."

"आता चार वर्षांची यादी सांगत बसू तुला?"

"सांग."

पलीकडे विणायच्या सुया चालू होत्या. एकीवर दुसरी घासल्याचा बारीक आवाज ताईला ऐकू येत होता.

"पहिली लोकर पिवळी होती," धाकटी म्हणाली. "फार वाईट निघाली."