छातीवाले

माझे यजमान पिंपरीच्या एका कारखान्यात आगीच्या बंबावर होते. एकदा रबराचं गोदाम पेटलं. तो धूर त्यांच्या छातीत बसला आणि खोकला काही जाईना. कंपनीच्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा एक्स-रे निघू लागले.

बोलावण्याची तिथली रीत अशी, की जेवणाच्या सुट्टीत शिपाई कँटीनच्या दारात उभा राहून हाळी द्यायचा, "छातीवाले, चला!" मग पोटवाले, डोळेवाले. ज्याने त्याने ताट सोडून उठायचं.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्या फुगल्याच. दापोडीच्या नळावर सांगत सुटल्या, "समदी कंपनी माझ्या ल्योकाला छातीवाला म्हणती. आगीत शिरायला छाती लागतीच की!"

"आत्याबाई, तसलं नाही ते. गप्प बसा," मी सासूबाईंना म्हणाले.

"तुझ्या का गं पोटात दुखतंय?"

नणंदेचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा त्याच कारखान्यात होता, त्याच कँटीनमध्ये जेवायचा. एका रविवारी त्याचे वडील आले. चहाला हात लावला नाही.

"घरात क्षय आहे म्हणे?"

"नाही हो. धुराचा त्रास आहे."

"मग डॉक्टरांचा तसा कागद दाखवा."

मागणं रास्त होतं. यजमानांना घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टर सभ्य होते, मला खुर्ची दिली. म्हणाले, क्षय नाही, धुराचंच आहे.

"तेवढं लिहून द्या."

"ते नाही जमणार, बाई. कामगारांच्या तब्येतीची माहिती गोपनीय असते. बाहेर देत नाही आम्ही."

"अहो, पण छाती ह्यांचीच आहे."

"म्हणूनच तर."

"आणि शिपाई कँटीनमध्ये ओरडतो ते?"

"तो रोगाचं नाव कुठे घेतो?"

मी खुर्चीवरून उठले. यजमान खोकत बाहेर जाऊन उभे राहिले होते.

लग्न मोडलं. पुढे आणखी दोन स्थळं आली, त्यांनीही तोच कागद मागितला. मग येईनाशी झाली. नणंद आमच्याकडेच राहिली. सासूबाई भल्या पहाटे, कोणी नसताना पाणी भरून आणू लागल्या.

यजमानांनी कँटीन सोडलं. मी डबा देऊ लागले, तो ते बंबाच्या शेडमध्ये एकटे बसून खात. शिपायाला ते कँटीनमध्ये दिसेनात, तेव्हा तो शेडपर्यंत येऊन हाळी देऊ लागला.