देवाप्पाची पाटी

शिरवाडीत पाणी किती वाजता येणार हे विचारायला पंचायतीत कुणी जात नसे. निपाणीपासून नऊ किलोमीटरवर, वेदगंगेच्या काठाला हे गाव. नदीतलं पाणी पंपानं टाकीत चढतं आणि टाकीतून पाच गल्ल्यांना आळीपाळीनं सुटतं. सोडणारा वॉटरमन म्हणजे देवाप्पा. पंपहाऊसच्या भिंतीवर त्याची काळी पाटी होती आणि तिच्यावर खडूनं लिहिलेली वेळ हीच गावाची वेळ होती. पंपाला लागणारी थ्री-फेज लाईट कधी पहाटे यायची, कधी दहाला. लाईटीचा काही नेम नव्हता, पण पाटीचा होता. पाटीवर साडेपाच म्हटलं की साडेपाचला तोटी फुरफुरायची.

एकतीस वर्षं ती वेळ खोटी पडली नव्हती. देवाप्पाचे आजे-पणजे जिथं पाणवठ्यापासून चार हात लांब उभे राहायचे, त्याच गावाला आता देवाप्पा पाणी सोडायचा आणि कुणाची घागर भरून वाहू लागली तर गल्लीच्या टोकावरून ओरडायचा, "तोटी बंद कर की गं! नदी काय तुझ्या बानं आणलीय व्हय?" लोक हसायचे आणि बंद करायचे. माणूस फटकळ, पण शब्दाचा पक्का, हे सगळ्यांना मान्य होतं. आता महिन्याअखेरीला तो निवृत्त होणार होता. जाताना आपला शब्द शाबूत राहावा, एवढीच त्याची इच्छा होती.

आणि नेमकी त्याच्या पोटच्या पोरीनंच त्या शब्दाची वाट लावायला घेतली होती.

पारमिता ही त्याची थोरली. नाव भंतेजींनी ठेवलेलं, गाव तिला पारू म्हणतं. वडिलांची पाटी वाचत वाचत ती अक्षरं शिकली, पुढं निपाणीत कॉलेज झालं, मग बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायला लागली. आठवडाभर तिथंच राहायची, शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी. कंपनीला वीस गावांच्या पाण्याचं काम मिळालं, त्यात शिरवाडीही आली. प्रत्येक पंपहाऊसमध्ये एक कॉम्प्युटर ठेवायचा आणि त्यावरच्या प्रोग्रामनं घरोघरी फोनवर निरोप धाडायचा: तुमच्या गल्लीत इतक्या वाजता पाणी. प्रोग्राम जावा भाषेतला, लिहिणारी पारमिता. शिरवाडीच्या निरोपाखाली तिनं मोठ्या हौसेनं घातलं, "देवाप्पा, वॉटरमन." पहिल्या दिवशी सोनुबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, तो निरोप शेजारणीला चारदा वाचून दाखवला. नवऱ्याचं नाव फोनवर येतंय म्हटल्यावर ती हवेतच होती.

चूक तशी साधी होती. पारमितानं वेळ प्रोग्रामच्या आतच लिहिली होती. असा प्रोग्राम एकदा बांधला की त्याचं गाठोडं होतं. आतलं एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी गाठोडं सोडा, बदला, पुन्हा बांधा, बेळगावातून पाठवा आणि पंपहाऊसमधला जुना प्रोग्राम थांबवून नवा चालू करा. वीस गावांच्या वीस वेळा, म्हणून वीस गाठोडी. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वेळ कितीदा बदलणार? वॉटरमनच्या पोरीला असं वाटावं, ही खरी गंमत.

दुसऱ्याच आठवड्यात थ्री-फेज लाईट पहाटेची दहावर गेली. वीज खात्याकडून कळताच देवाप्पानं आदल्या संध्याकाळीच पाटी पुसली आणि साडेदहा लिहिले. पण फोन आल्यापासून लोक पाटीकडं कशाला बघतायत? पहाटे पाचला घरोघरी निरोप गेला: पाणी साडेपाचपासून. मालुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. ती दोन घागरी आणि एक बादली मांडून आठपर्यंत बसली, कामाला उशीर झाला, आणि जाता जाता पंपहाऊससमोर थांबली.

"देवाप्पा, एकतीस वर्सं तुझ्या शब्दावर घागर लावली रं," ती म्हणाली. "आज पयल्यांदा कोरडी उचलली."

भांडली असती तर देवाप्पानं चार शब्द सुनावले असते. ती भांडली नाही, तेच त्याला लागलं. त्यानं पाटीकडं बोट दाखवलं, पण तोवर ती निघून गेली होती.

पारमितानं गाठोडं सोडून पुन्हा बांधलं. पुढच्या आठवड्यात लाईट दुपारवर गेली, तेव्हा ती यमकनमर्डीच्या घाटात बसमध्ये होती आणि फोनला रेंज नव्हती. पुन्हा खोटा निरोप. तिसऱ्यांदा झालं तेव्हा चावडीवर कुणीतरी म्हणालं, जाता जाता देवाप्पाचं डोकं ठिकाणावर राहिलेलं दिसत नाही. पोरीचं नाव कुणी घेतलं नाही. घेणार कसं, निरोपाखाली नाव देवाप्पाचं होतं. सोनुबाईनं शेजारणीला निरोप वाचून दाखवायचं केव्हाच बंद केलं होतं. तिनंच पारमिताला फोन करून हे सांगितलं, आणि ऑफिसच्या जिन्यात उभ्या उभ्या पारमिताला रडू आलं.

रविवारी सकाळी ती चहाचा डबा घेऊन पंपहाऊसवर गेली. देवाप्पा ओल्या फडक्यानं पाटी पुसत होता. रागावला होता का, कळायला मार्ग नव्हता.

"आप्पा, चुकलं माझं," ती म्हणाली.

"व्हय, चुकलं," देवाप्पा म्हणाला आणि पुसत राहिला.

ती पाटीकडं बघत राहिली. लहानपणापासून बघितलेली पाटी, पण बघितलेलं सगळं दिसतं असं थोडंच आहे. वरच्या भागात पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन ओळी रंगवल्या होत्या: एका गल्लीला पाऊण तास. दर सोमवारी पहिली गल्ली बदलेल. त्याखाली नुसती काळी जागा, तिथं खडूनं आजची वेळ. देवाप्पाचं फडकं रंगाच्या ओळींवरून बेफिकीर फिरत होतं, त्यांना काही होत नव्हतं.

"हे वरचं तुम्ही कधी रंगवलं?"

"नोकरीला लागलो त्याच वर्सी. आधी आपल्या गल्लीला कायम शेवटचं पाणी असायचं, गढूळ आन करंगळीएवढं. मी म्हटलं, पाळी फिरती ठेवायची. मग ते कुणी पुसू न्हाय म्हणून रंगवलं."

"आणि वेळ?"

"वेळ कशी रंगवणार गं? ती माझ्या हातात हाय का? जे रोज बदलतंय ते खडूनं. एवढं तर शेंबड्या पोरालाबी कळतंय."

पारमितानं चहा ओतला. तिनं वेळ रंगानं लिहिली होती. तीन आठवडे ती बेळगावात बसून ऑइलपेंट खरवडत होती आणि पुन्हा ऑइलपेंटच लावत होती.

सोमवारी तिनं ऑफिसात गाठोडं सोडलं. आतल्या वेळा काढून तिथं फक्त रिकाम्या जागा ठेवल्या आणि त्यांना नावं दिली. वेळा गेल्या बाहेर, एका साध्या फाइलमध्ये, जी पंपहाऊसच्या कॉम्प्युटरवर गाठोड्याशेजारी राहील आणि जी उघडायला कुठलीच पदवी लागणार नाही. गाठोडं आता वीस गावांना एकच, फाइल ज्याची त्याची. तिचे साहेब नागेंद्र हे पाहून इतके खूश झाले की म्हणाले, "मग पाळीचा नियमही त्या फाइलमध्ये टाक. ज्याला जसा हवा तसा बदलेल."

"नको सर," ती म्हणाली. "तो आतच राहू दे. नाहीतर उद्या कुणीतरी एका गल्लीला कायम शेवटी टाकेल, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही."

नियम आतच राहिला.

पुढच्या शनिवारी तिनं घरी आल्या आल्या देवाप्पाला कॉम्प्युटरपुढं बसवलं. त्यानं एका बोटानं साडेपाच काढून सहा लिहिले, फाइल जपून ठेवली. प्रोग्राम आपला साडेपाचच धरून बसला. पारमितानं कपाळावर हात मारला. तो फाइल वाचत होता, पण चालू होताना एकदाच.

"म्हंजे सकाळी पाटी बघून गेला, आन मग दिवसभर मान वर केली न्हाय," देवाप्पा म्हणाला. "हिकडनं जाणारी बाई धा बारी जाते आन धा बारी पाटी बघते. तुझ्या प्रोग्रामला मान न्हाय का?"

तिथंच बसून तिनं प्रोग्रामला मान दिली. आता तो दर मिनिटाला फाइलकडं बघू लागला, थांबवावं-चालू करावं लागेना. मग देवाप्पानं खिशातून एक मळकी वही काढली. पावसानं पाटी धुतली गेली तर काय लिहिलं होतं ते विसरू नये म्हणून तो शेवटची वेळ तिच्यात टिपून ठेवायचा. पारमितानं ती वहीही प्रोग्रामला दिली: फाइल रिकामी दिसली किंवा कुणी पंचवीस वाजून सत्तर मिनिटं लिहून ठेवली, तर शेवटची धड वेळ धरायची आणि वॉटरमनला फोन करून जागं करायचं.

पुढच्या दोन आठवड्यांत लाईट चार वेळा बदलली. चारही वेळा देवाप्पानं आधी पाटीवर लिहिलं, मग फाइलमध्ये, आणि चारही वेळा फोन आणि तोटी एकच बोलली. चौथ्या वेळेला मालुबाई भरली घागर कमरेवर घेऊन मुद्दाम पंपहाऊसवरून गेली. "आलं रं पाणी, बराबर आलं," एवढंच म्हणाली. त्या दिवशी देवाप्पा दोन भाकऱ्या जास्त जेवला.

महिन्याअखेर रविवार होता. सकाळी पंचायतीत शाल-श्रीफळ झालं, पंचायतीचे विकास अधिकारी, म्हणजे पीडीओ साहेब, यांनी कन्नडमध्ये आणि अध्यक्षांनी मराठीत भाषण केलं. दुपारी देवाप्पा नव्या वॉटरमनला घेऊन पंपहाऊसवर गेला, पारमिताही बरोबर होती. मष्णू हा नवा माणूस, पस्तिशीचा, आधी पाइपलाइनच्या कामावर होता, हाताचा चांगला. व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी देवाप्पानं त्याच्या हातात दिली. मग कॉम्प्युटरपुढं बसून फाइल उघडली आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.

"पारू, ह्यात नाव कुठं हाय?"

"कुठलं नाव?"

"निरोपाखालचं. वॉटरमनचं."

वेळा बाहेर काढताना तिला फक्त शिरवाडीसाठी घातलेली ती ओळ दिसली होती. दिसली, आणि तिनं ती तशीच आत ठेवली होती. विसरली असं सांगता आलं असतं, पण देवाप्पापुढं तिला खोटं बोलता येत नसे.

"ते आत आहे, आप्पा. राहू दे की. लोकांना सवय झालीय. तुम्ही घरी बसलात तरी नाव येत राहील."

"रंगानं लिवलंस व्हय, माझं नाव?"

तिनं होय म्हणून मान हलवली. देवाप्पा पोरीकडं बघत राहिला. आपलं नाव कायम राहावं असं पोरीला वाटलं, हे त्याला आवडलं नाही असं कोण म्हणेल? त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते लपवलेही नाहीत. पण बोलला ते असं:

"उद्या पाणी मष्णू सोडणार. येळ त्यो देणार. त्याची येळ चुकली आन नाव माझं आलं, तर माझा शब्द गेला. आन येळ बराबर आली, तरी शाबासकी मला. मग त्याचा शब्द हुणार कवा गं? ज्याच्या हातात चावी, त्याचं नाव. खडूनं लिव."

मष्णू दारात चावी धरून उभा होता, त्याला कुठं बघावं कळेना.

पारमितानं लॅपटॉप उघडला. काम पाच मिनिटांचं, तिला अर्धा तास लागला. आतलं "देवाप्पा" पुसलं, तिथं रिकामी जागा ठेवली आणि फाइलमध्ये एक नवी ओळ वाढवली. ती ओळ भरायला ती की-बोर्डकडं वळली, तर देवाप्पानं तिचा हात बाजूला केला. चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत, त्यानं स्वतः लिहिलं: मष्णू. जोडाक्षराला फार वेळ गेला, पण मदत घेतली नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचला सोनुबाईच्या फोनवर निरोप आला. तुमच्या गल्लीत सव्वासहाला पाणी. मष्णू, वॉटरमन. सोनुबाईनं तो वाचला आणि फोन पदराखाली ठेवून दिला. पारमिताची सातची बस होती, ती केस विंचरत उंबऱ्यात बसली होती.

देवाप्पा सहालाच अंगणात तोटीखाली घागर लावून बसला. एकतीस वर्षांत ह्या वेळेला तो कधी घरी नव्हता. त्याच्या घरची घागर सोनुबाईनं नाहीतर पोरीनं लावली, त्यानं एकदाही नाही. सहा-चौदा झाले. त्याचा हात कमरेला गेला, जिथं चावी अडकवायची सवय होती, आणि तसाच परत आला. सव्वासहाला तोटी फुरफुरली, दोनदा हवा फेकली आणि पाणी आलं.

"बराबर हाय," देवाप्पा म्हणाला. "पोरगं टिकंल."

मग तो पाण्याकडं बघतच बसला. घागर काठोकाठ भरली, वाहू लागली, ओघळ अंगणातून त्याच्या पायांपर्यंत आला, तरी त्याला भान नव्हतं. पारमितानं उठून तोटी बंद करायला हात पुढं केला, पण आईनं तिला डोळ्यानंच थांबवलं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकावरून आवाज आला. अंधुक उजेडात चावी खांद्यावर टाकून मष्णू उभा होता, आणि अंगणात कोण बसलंय ते त्याला दिसत नव्हतं.

"तोटी बंद करा की वं! पानी चाललंय!"

देवाप्पा दचकून उठला, आणि त्यानं तोटी बंद केली.