एक रुपया जास्तीचा

“गलती माझी असंल त सांग भाऊ, आत्ताच भरते.” काउंटरशी आल्या की मावशींचं पहिलं वाक्य हेच. चुकलेलं काही नसलं तरीही. बऱ्हाणपूरच्या लालबागेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि तिथल्याच आमच्या बँकेच्या शाखेत मी कारकून. मावशी आता नाहीत. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. कोणाचं देणं अंगावर असलं की त्यांना जेवण जात नाही.

दुकानाच्या मालासाठी त्यांनी क्रेडिट कार्ड घेतलं होतं. बिल आलं, की मुदतीआधीच रोख घेऊन हजर. मात्र रकमेत एक रुपया जास्तीचा असायचाच. “शून्यावर हिशोब तोडू नाय, बरकत जाते,” म्हणायच्या. आम्हीही हसून तो रुपया जमा करून घ्यायचो.

मग आमची लहान बँक मोठ्या बँकेत विलीन झाली. नवं कॉम्प्युटर भलतंच सोवळं निघालं. रक्कम बिलाशी जुळेना म्हणून त्याने मावशींचे पैसे भलत्याच खात्यात टाकले आणि बिल थकलं असं ठरवून मोकळं झालं. पुढच्या बिलात विलंबशुल्क, वर व्याज, आणि दरमहा कमीत कमी भरायची रक्कमही वाढलेली. जास्त भरल्याची शिक्षा मी तरी पहिल्यांदाच पाहिली!

त्यात वसुलीवाल्याचा फोन आला. मावशींचे हात कापडात, म्हणून फोन स्पीकरवर. “माताजी, पैसा कब भरोगी?” दुकानात बसलेल्या बायकांनी ऐकलं. गल्लीची भिशी वर्षानुवर्षं मावशींकडे असायची. दुसऱ्याच दिवशी शेजारीण आली आणि भिशीचा डबा आपल्या घरी घेऊन गेली.

मावशी पावत्या घेऊन बँकेत आल्या. मी तक्रार लावून धरली. विलंबशुल्क आणि व्याज परत मिळालं, किमान रक्कम खाली आली. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

मावशी मॅनेजरसमोरून हलेनात. “पैसे त आले साहेब. पर नाव सगळ्यांसमोर खराब झालं. ते कोण वापस करंल?”

“आंटीजी, सिस्टिम में ऐसा कोई ऑप्शन नहीं है,” मॅनेजर म्हणाला.

मला त्याचा आणि त्या सिस्टिमचा मनापासून राग आला.

भिशीच्या दिवशी मी दुकानात गेलो. सगळ्या बायका जमल्या होत्या. दारातूनच मोठ्याने सांगितलं, “मावशींनी एकदाही उशीर केलेला नाही. चूक बँकेची होती. मी बँकेतून आलोय, म्हणून सांगतो.”

मग ती शेजारीण उठली, घरी गेली आणि डबा आणून मावशींच्या मांडीवर ठेवला. “तुमच्याकडेच राहू द्या हो.”

मावशींनी मान वर केली नाही. सुईत दोरा ओवायला घेतला. उभं आयुष्य शिवणकामात गेलेलं, पण त्या दिवशी काही केल्या तो ओवला जाईना.