शेवटी ओ लावायचा

लॉजच्या कोठीत चादरी, टॉवेल आणि साबणाच्या बाटल्या सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे पंडित म्हणत. म्हणत ते चिडवायला, पण त्यांनी तो मान म्हणूनच घेतला होता. ज्याला इंग्रजी येत नाही तो त्यांच्या लेखी अर्धा माणूस आणि ज्याला फक्त इंग्रजीच येतं तो पाऊण. पूर्ण माणूस कोठीत टॉवेलांच्या घड्या घालतोय, यावरून जगाची अक्कल कळावी.

काउंटरवरची मुलगी लग्न करून गेली आणि तिची फिरती खुर्ची रिकामी झाली. पंडितांचा त्या खुर्चीवर केव्हापासून डोळा होता. अशात स्पॅनिश बोलणाऱ्या वयस्क प्रवाशांचा एक गट उतरायला येणार असल्याचं समजलं.

"इथे कुणाला येतं का हो ते?" मालकीणबाईंनी विचारलं.

"त्यात काय यायचंय?" पंडित म्हणाले. "इंग्रजी शब्द घ्यायचा आणि शेवटी ओ लावायचा. प्लेटचं प्लातो, परफेक्टचं परफेक्तो. बायकी वस्तू असली तर आ. लोक उगाच कोश चाळत बसतात."

हे दोन्ही शब्द त्यांनी टीव्हीवर ऐकले होते आणि दोन्ही अगदी बरोबर होते. अर्धवट ज्ञानाचं असंच असतं. पहिले दोन बाण नेमके लागतात आणि माणूस स्वतःला तिरंदाज समजायला लागतो.

"मग रोजच्या वस्तूंच्या पाट्या करा," बाई म्हणाल्या. "पाहुणे खूश झाले तर खुर्ची तुमची."

पंडितांनी घरी बायकोला नियम समजावून सांगितला. ती मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती.

"शेवटी ओ?" सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "मी हाक मारते तेव्हा तर कधी ओ देत नाही तुम्ही."

"तुला भाषेतलं काय कळणार?"

"नाहीच कळत. साबणाला काय म्हणतात मग?"

"इंग्रजीत सोप, म्हणून सोपा. धुणं बायका करतात, म्हणून आ."

"करून बघा एकदा, सोपा आहे का ते कळेल."

पंडितांनी तिच्याकडे ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. न्हाणीघरातल्या बाटल्यांवर त्यांनी इंग्रजी अक्षरांत 'सोपा' चिकटवलं. कोठीकडे आणि कचऱ्याच्या पिंपांकडे जाणारं मागचं दार म्हणजे एक्झिट, म्हणून त्यावर तेलरंगाने ठळक 'एक्सितो' रंगवलं. मग इस्त्रीचा शर्ट घालून ते काउंटरमागे उभे राहिले. खुर्चीत बसले नाहीत, पण एक हात तिच्या पाठीवर ठेवून होते.

पाहुणे आले आणि खोल्यांमध्ये गेले. थोड्या वेळाने एक आजीबाई एका हातात साबणाची बाटली आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन खाली आल्या. मागे बाकीचे तोंडाला रुमाल लावून उभे. आजी गंभीर चेहऱ्याने काहीतरी बोलल्या. पंडितांनी मान डोलावली आणि म्हणाले, "परफेक्तो." त्यावर सगळा जिनाच हसायला लागला.

गटाबरोबर आलेला वाटाड्या डोळे पुसत मालकीणबाईंना इंग्रजीत म्हणाला, "सोपा म्हणजे सूप. आजी विचारतायत, मीठ कमी आहे का?"

बाईंनी पंडितांकडे बघितलं. पंडितांनी खुर्चीवरचा हात काढला.

"आणि दारावर काय लिहिलंय?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"यश," वाटाड्या म्हणाला. "ते मात्र राहू द्या. सगळ्यांना त्याखाली फोटो काढायचाय."

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पंडितांनीच गरम पाण्याने खरवडून काढल्या. दार तसंच राहिलं. खुर्चीत मालकीणबाईंचा भाचा बसला. त्याला फक्त मराठी येतं आणि तेही बेताचंच.

"खेडवळ लोक," पंडित घरी जेवताना म्हणाले. "स्वतःची भाषा धड येत नाही आणि देश बघत हिंडतात. अशांपुढे कोण डोकं फोडणार?"

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "आणि तुमचं काय वाईट झालं? रोज यशाच्या दारातून जाता-येता."

पंडितांनी ताट पुढे ओढून भात कालवायला घेतला. अडाण्यांशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम.

हल्ली भाचा खुर्चीत गिरक्या घेत ओरडतो, "अहो पंडित, दोन टॉवेल." मग त्या ठळक रंगवलेल्या दारापलीकडून, कोठीतून, आवाज येतो, "ओ."