होडीवरची रेघ

"अब के टोकी? टोके वाला त चल गइलन," दोर सैल करता करता म्हातारा नावाडी आपल्या भावाला म्हणाला. आता कोण टोकणार, टोकणारा तर गेला. आवाजात कुचेष्टा नव्हती, थोडी हळहळच होती. आणि मी ऐकलं हे त्याला कळलं नाही. गंगेवरच्या पंचगंगा घाटाला लागलेल्या त्या होडीत आम्ही अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, अस्थी घेऊन बसलो होतो. पितृपक्ष जवळ आलेला, गंगा अजून भरलेली, गढूळ, पाण्याला ओढ. अशा वेळी बायकांनी यायची आमच्याकडे रीत नाही. पण अण्णांना मुलगा नाही, मी एकटीच. म्हणून मोठ्या काकांनी हात धरून मला होडीत घेतलं. "पोचवून ये त्याला," एवढंच म्हणाले.

अण्णा घाटावरच्या होड्यांचे इन्स्पेक्टर होते. नोकरी सरकारी, पण लहान. होडीत वाळूची पोती भरून ती किती भार सोसते ते पाहायचं आणि तिथं बाहेरून पांढरी रेघ मारायची. रेघ पाण्याखाली गेली की होडी सोडायची नाही. या कामाला खरं तर रंगारी होता. पण त्याचे हात ओले केले की रेघ वर चढते, हे लक्षात आल्यावर अण्णा स्वतःच रेघ मारू लागले. आधी पटाशीनं फळीत खाच पाडायची, मग तीत सफेदा भरायचा. रंग खरवडता येतो, खाच लपत नाही, असं ते म्हणत. संध्याकाळी त्यांची नखं पांढरी झालेली असत. आई खोबरेल लावून ती चोळून द्यायची आणि म्हणायची, "लोकांचे नवरे नोकरीतून काहीबाही घरी आणतात. आमच्याकडे रंग येतो."

घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि मिशनच्या शाळेत इंग्रजी... त्यामुळे की काय, मनातलं बोलणं माझं तिन्ही भाषांत राहून जाई. वर्गातल्या एका मुलीचा भाऊ चळवळीत तुरुंगात गेला होता. ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझे वडील इंग्रजांच्या रेघा मारतात." मी घरी येऊन अण्णांना विचारलं. ते ताकभात कालवत होते.

"रेघ इंग्रजांची असेल गं," ते म्हणाले, "बुडणारा आपला असतो." मग दोन घास खाऊन, "आणि उद्या आपलं राज्य आलं म्हणून होडीत चार माणसं जास्त मावायची नाहीत. तेव्हाही कुणाला तरी बघावंच लागेल."

पुढं मला पाहायला ग्वाल्हेरहून पाहुणे आले. त्यांना होडीतून घाट दाखवायचं ठरलं. दुर्गाघाटावर सगळे बसले, शेवटी मुलाचे मामा चढले, देहानं चांगले भरभक्कम. अण्णांनी कडेवरून हात खाली सोडला. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"मामासाहेब, माफ करा. दोघांना उतरावं लागेल. एक मी उतरतोच."

मामा हसले. "अहो, रेघ तुमचीच. आजच्या दिवस थोडी वर आहे असं समजा."

"माझी असती तर समजलो असतो."

दोघं उन्हातून गल्ल्यागल्ल्यांनी चालत गेले, मामा घामानं आणि रागानं लाल. ते स्थळ तिथंच मोडलं. आई कित्येक दिवस अण्णांशी धड बोलली नाही. मला काय वाटलं ते इथं लिहीत नाही... पण मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही का उतरलात, पाहुण्यांतल्याच दोघांना सांगायचं. ते म्हणाले, "ज्याला रेघ दिसली त्यानं आधी उतरायचं. मग दुसऱ्याला सांगायला तोंड राहतं."

अण्णा तापानं गेले. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण सचोटीबद्दल बोलत होता. त्यांतले कितीतरी जण होडीवरून त्यांच्याशी भांडलेले, त्यांना अडेलतट्टू म्हणालेले. अस्थी सोडायच्या सकाळी हे सगळेच घाटावर आले. गल्लीतले गुरुजी, कचेरीतली माणसं, शेजारी. मला येऊ द्या, मलाही... आणि एकेक जण आत येई तशी होडी खाली बसत होती. अण्णांच्या जागी आलेले नवे इन्स्पेक्टरही आत होते. ते दुसऱ्या काठाकडे पाहत राहिले.

"आज कुणाला नाही म्हणायचं नाही," काका म्हणाले. "प्रेमानं आलेत सगळे."

ते खरंच होतं. प्रेमानंच आले होते.

नावाड्याचं ते वाक्य तेव्हाच माझ्या कानावर पडलं. मी कडेवरून हात खाली सोडला. ओली फळी, बुळबुळीत शेवाळ. मनगट बुडालं तेव्हा बोटांना खाच लागली, आत सफेद्याचा खरखरीत थर. अण्णांच्या हातचा. समोर काकांच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश होता. मला त्यांना पाण्यात जाताना पाहायचं होतं; तेवढ्यासाठी तर मी रीत मोडून आले होते. गुरुजींनी मंत्र सुरू केले. नावाड्यानं बांबू पायरीला टेकवला.

"काका," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "रेघ पाण्याखाली गेलीय. मी उतरते... माझ्याबरोबर आणखी दोघांनी उतरा."